ऱ्हासाची किंमत : ‘परीक्षागुरु’ आणि ‘वाडा चिरेबंदी’

श्रीमंत घराण्याचा ऱ्हास हे भारतीय कथनसाहित्यातील एक रूढ आशयसूत्र आहे. उधळपट्टी, खुशमस्कऱ्यांचा गराडा, कर्ज आणि अखेरीस दिवाळे असा त्याचा क्रम जणू ठरूनच गेला आहे. परिणामी अशा कलाकृतींकडे नीतिपर दृष्टान्त म्हणून पाहण्याची सवय समीक्षेला लागली. उधळपट्टी का झाली, या प्रश्नाची भरपूर चर्चा झाली. ऱ्हासाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र मागे पडला. लाला श्रीनिवासदास यांची दिल्लीत घडणारी हिंदी कादंबरी ‘परीक्षागुरु’ (१८८२) आणि महेश एलकुंचवार यांचे मराठी नाटक ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) यांचे एकत्र वाचन केल्यास या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते.

‘परीक्षागुरु’ला आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी इंग्रजी धर्तीची पहिली स्वतंत्र हिंदी कादंबरी मानले. तिचा आरंभ एका इंग्रज सौदागराच्या दुकानात होतो. नायक लाला मदनमोहन कोण, कुठला, हे सांगण्याआधी तो काय खरेदी करतो हे वाचकाला दिसते. नायकाची ओळख कुळापासून न होता खर्चापासून व्हावी, ही या कादंबरीची खरी नवता आहे. मदनमोहनाचे वडील ऐपत पाहून खर्च करणारे, जुन्या वळणाचे गृहस्थ होते. मुलाला संपत्ती मिळाली, पण ती राखण्याची शिस्त मिळाली नाही. मुन्शी चुन्नीलाल, मास्टर शिंभूदयाल यांच्यासारखे सभासद त्याच्या प्रत्येक लहरीला रुकार देतात. वकील मित्र लाला ब्रजकिशोर तेवढा विरोध करतो.

वरवर पाहता ही वाईट संगतीची बोधकथा आहे. तथापि मदनमोहनाचा कडेलोट प्रत्यक्ष खर्चाने होत नाही, तर बोलवेने होतो. दुखावलेला हरकिशोर न्यायालयात जातो, बाजारात वार्ता पसरते आणि कालपर्यंत उधारी वाढवणारे धनको एकाच वेळी दाराशी येतात. ‘दिवाला’ या प्रकरणाला लागूनच ‘लोकचर्चा’ हे प्रकरण यावे, हा योगायोग नाही. मराठीत ‘पत’ हा शब्द प्रतिष्ठा आणि उधारी मिळण्याची योग्यता हे दोन्ही अर्थ सांगतो. मदनमोहनाचा थाट या दोन अर्थांच्या सांध्यावर उभा आहे: थाट दिसतो म्हणून उधारी मिळते आणि उधारी मिळते म्हणून थाट दिसतो. त्यामुळे त्याच्या वैभवाला निव्वळ चैन म्हणता येत नाही. ते त्याच्या पतीचे भांडवलच आहे.

ही यंत्रणा लेखकाला इतकी नेमकी दिसण्याचे कारण त्याच्या व्यवसायात सापडते. श्रीनिवासदास मथुरेच्या सेठांच्या दिल्लीतील पेढीचा कारभार पाहत असत. महाभारत, ‘गुलिस्ताँ’, ‘स्पेक्टेटर’, बेकन, गोल्डस्मिथ आणि मुंबईचे गुजराती ‘स्त्रीबोध’ यांचे ऋण त्यांनी प्रस्तावनेत मान्य केले आहे. मात्र या सर्वांपेक्षा वही-खात्याची दृष्टीच कादंबरीला आकार देते. तिची मर्यादाही तेथेच आहे. ब्रजकिशोर प्रकरण मार्गी लावतो, मदनमोहन कोठडीतून सुटतो, पश्चात्ताप होतो आणि खाते जुळते. हिशेब शहाण्या माणसाच्या हाती आला की ऱ्हास मागे फिरवता येतो, असा एकोणिसाव्या शतकातील सुधारकी विश्वास त्यामागे आहे. ज्यांचे पैसे खरोखर अडकले, त्या लहान धनकोंना कादंबरीत आवाज आहे तो केवळ गलक्याचा.

‘वाडा चिरेबंदी’त ब्रजकिशोर नाही. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्याचा कर्ता वारला आहे आणि दिवसकार्याच्या जेवणावळीसाठी घर पैसा उभा करू पाहते. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तरी गावजेवण लहान करता येत नाही, कारण पत टिकवायची आहे. येथवर दोन्ही कलाकृतींतील तर्क समान आहे. फरक पडतो तो किंमत मोजणाऱ्यांच्या चित्रणात. प्रभाचे शिक्षण बापाच्या हट्टापायी अडले. चंदू घरचा मुलगा असून गड्यासारखा राबतो. घराण्याच्या वैभवाची अखेरची खूण असलेले सोने रंजूबरोबर घराबाहेर जाते. एलकुंचवार यांनी हिशेब मांडला तो या माणसांच्या आयुष्यांत, आणि तो कोणत्याही वकिलाला जुळवता येणारा नाही.

हा भेद कादंबरी आणि नाटक या प्रकारांचा किंवा दोन शतकांचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण दिल्लीच्या परिसराने तो पुन्हा पुढे आणला आहे. गुडगावात मुख्यालय असलेल्या ‘रॅनबॅक्सी’मधील आपला हिस्सा मालविंदर आणि शिविंदर सिंग या बंधूंनी २००८ मध्ये जपानच्या ‘दाइची सांक्यो’ला विकला. माहिती दडवल्याबद्दल सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. ‘रेलिगेअर फिनव्हेस्ट’चा पैसा अन्यत्र वळवल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये दोघांना अटक झाली, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. या घटनाक्रमाचे वार्तांकन बहुधा वारसदारांच्या शोकांतिकेच्या साच्यात झाले. म्हणजे ‘परीक्षागुरु’चाच साचा वापरला गेला: वडिलार्जित संपत्ती, चुकीचे सल्लागार, भावाभावांतील फूट. परंतु मदनमोहनाचे धनको नावानिशी त्याच्या दाराशी येऊ शकत होते. मर्यादित दायित्वाच्या कंपनीत भागधारक आणि ठेवीदार यांना दार कोणते, हेच ठाऊक नसते. नायककेंद्री कथनात त्यांना जागा मिळत नाही.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने निष्कर्ष असा की ऱ्हासकथेचे वर्गीकरण नायकाच्या दोषांवरून न करता, हिशेब कोणाच्या जागेवरून मांडला आहे यावरून करणे अधिक फलदायी ठरेल. श्रीनिवासदास यांनी तो पेढीवरून मांडला. म्हणून त्यांना पतीची यंत्रणा दिसली. एलकुंचवार यांनी तो माजघरातून मांडला. म्हणून त्यांना नुकसान दिसले. आजच्या दिल्लीची ऱ्हासकथा लिहायची तर या दोन्ही जागा एकाच कथनात आणाव्या लागतील. तसे न झाल्यास ती पुन्हा एकदा श्रीमंतांविषयीची हळहळ होऊन राहील.