लेखकाचे स्वतःचे पत्र आणि त्याचा योगक्षेम

लेखकाची प्रतिभा, त्याची भाषा, त्याच्यावरील संस्कार ह्यांचा विचार मराठी समीक्षेने पुष्कळ केला आहे. परंतु तो लेखक आपला संसार कशावर चालवीत होता, हा प्रश्न विचारणे आपल्याकडे काहीसे अप्रशस्त मानले जाते. चरित्रकार त्या विषयाची बोळवण दारिद्र्यावरील एखाद्या करुण परिच्छेदात करितो आणि समीक्षक तो परिच्छेद ओलांडून थेट ग्रंथांकडे वळतो. सरस्वतीच्या दारात लक्ष्मीची चौकशी करू नये, असा हा संकेत आहे. तो सुसंस्कृत असेल. पण त्याने वाङ्मयाचा एक प्रकार समजून घेण्याचे साधनच आपण हातचे घालविले आहे, असे आम्हांस वाटते.

तो प्रकार म्हणजे लेखकाने स्वतः काढलेले, बव्हंशी स्वतःच लिहिलेले आणि स्वतःच्या मतांनी भरलेले नियतकालिक. अशा एकहाती पत्राचे सगळे जीवन नियमितपणावर अवलंबून असते, आणि नियमितपणाला खर्च लागतो. म्हणून त्यापासून काही जोडउत्पन्न व्हावे, निदान ते आपल्या पायांवर उभे राहावे, ही इच्छा त्याच्या जन्माबरोबरच जन्मास येते. ह्या इच्छेने लेखन बिघडते काय, हा खरा प्रश्न. आमचे उत्तर असे की, द्रव्य आले म्हणून लेखन बिघडत नाही. ते द्रव्य कोण देतो आणि लेखकाचा दुसरा पाय कोठे टेकलेला आहे, ह्यावर लेखनाचे बरेवाईट अवलंबून असते. एक इंग्रजी आणि दोन मराठी उदाहरणांवरून हे पाहता येईल.

पहिले उदाहरण डॉक्टर जॉन्सनचे. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांशी १७४६ मध्ये त्याने इंग्रजी कोशाचा करार केला. रक्कम १५७५ पौंडांची होती; पण तीतूनच मदतनिसांचे वेतन त्याला भागवावे लागे आणि काम वर्षानुवर्षे लांबत चालले होते. अशा स्थितीत २० मार्च १७५० रोजी त्याने ‘रँब्लर’ हे पत्र सुरू केले. ते दर मंगळवारी व शनिवारी निघे. किंमत दोन पेन्स. १४ मार्च १७५२ पर्यंत २०८ अंक निघाले आणि त्यांतले चारपाच सोडले तर सर्व एकट्या जॉन्सनचे होते. दर अंकामागे त्याला दोन गिनी मिळत, म्हणजे आठवड्यास चार गिनी. कोशकाराच्या घरातील चूल पेटती ठेवणारे हे जोडउत्पन्न होय.

ह्या उत्पन्नाची एक विशेष गोष्ट ध्यानात घ्यावी. सुट्या अंकांचा खप पाचशेच्या आतच राहिला; परंतु जॉन्सनचा मोबदला ठरीव होता. त्यामुळे अंकाच्या खपासाठी शहरातील कुचाळक्या, नाट्यगृहातील भांडणे किंवा राजकारणातील चुरस ह्यांना हात घालण्याची निकड त्याला पडली नाही. शेवटच्या अंकात तो स्वतःच मान्य करितो की, लोकांची मर्जी आपणांस फारशी लाभली नाही. आणि ती लाभावी म्हणून आपण क्षणिक कुतूहलाच्या मागे धावलो नाही, ह्याचे समाधानही तो तेथे व्यक्त करितो. ठरीव मोबदल्याने त्याला गंभीर राहण्याची मोकळीक दिली. उलट आठवड्यातून दोनदा येणाऱ्या मुदतीने त्याच्याकडून घाईही करविली. पुष्कळ निबंध छापखान्यात जाण्यापूर्वी त्याने पुन्हा वाचूनही पाहिले नव्हते, असे बॉस्वेल सांगतो. पुढे ग्रंथरूपाने आवृत्त्या निघाल्या तेव्हा जॉन्सनने पुष्कळ फेरफार केले, आणि त्याच्या हयातीतच लंडनमध्ये त्या ग्रंथाच्या दहा आवृत्त्या झाल्या. सुट्या अंकाला ज्या वाचकाने पाठ दाखविली, तोच बांधीव ग्रंथाला सामोरा आला. एकहाती पत्राचे खरे भांडवल चालू अंकात नसून साठलेल्या अंकांत असते, हा ह्यातील बोध आहे.

ह्याच जॉन्सनच्या ‘रासेलस’चे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिले आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री ह्यांनी पुरे केले. मूळ ‘रासेलस’ १७५९ मधील. आईच्या अंत्यविधीचा खर्च व तिचे लहानसहान देणे भागविण्यासाठी जॉन्सनने ते एका आठवड्याच्या सायंकाळी बसून लिहिले, असे बॉस्वेलने नमूद केले आहे. निकडीपोटी जन्मलेली ही कृती आपल्याकडे तत्त्वचिंतनाचा ग्रंथ म्हणून वाचली गेली, आणि ते योग्यच झाले. कारण निकड ही लेखनाचे निमित्त असते, त्याची किंमत नव्हे. विष्णुशास्त्र्यांना जॉन्सनचे आकर्षण किती होते, हे ‘निबंधमाले’तील त्याच्या विस्तृत चरित्रावरून दिसतेच.

‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी विष्णुशास्त्र्यांचे वय चोवीसही पुरे नव्हते. तिचे एकंदर ८४ अंक निघाले. भाषा, इतिहास, वाचन, वक्तृत्व, विद्वत्त्व आणि कवित्व, मोरोपंतांची कविता असे नाना विषय तीत आले आणि ते सर्व एकाच लेखणीतून उतरले. ‘माले’च्या भाषेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या आर्थिक बैठकीकडे मात्र क्वचितच कोणी पाहिले असेल. ‘माला’ सुरू झाली तेव्हा शास्त्रीबुवा शिक्षक होते. घरखर्च पगारातून चाले. ‘माले’ने आपला खर्च भागवावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. म्हणूनच लोकहितवादींसारख्या मान्यवरावर टीका करिताना, मिशनऱ्यांना उत्तर देताना किंवा सुशिक्षितांच्या इंग्रजीवेडाची टर उडविताना वर्गणीदारांपैकी कोण रुसेल, हा हिशेब त्यांना करावा लागला नाही. एकेक निबंध अंकामागून अंक वाढत गेला तरी त्यांनी त्याला आवर घातला नाही. वर्गणीवर पोट असणाऱ्या लेखकास ही ऐसपैस चाल परवडली नसती. ‘माले’च्या शैलीतील तो बेदरकार डौल काही अंशी पगाराच्या आधारावर उभा आहे, असे म्हणण्यास आम्ही कचरत नाही.

परंतु पगार तरी निर्वेध असतो काय? शास्त्रीबुवांची पुण्याहून रत्नागिरीस बदली झाली, ती त्यांच्या लेखणीमुळेच, असा समज तेव्हापासून रूढ आहे. ज्या नोकरीने पत्राला स्वातंत्र्य दिले, तीच नोकरी त्या स्वातंत्र्याची दोरीही हाती धरून होती. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. ह्यानंतर त्यांनी जे केले, त्याचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते. पगाराची जागा भरून काढण्याचा भार त्यांनी ‘माले’वर टाकला नाही. तिला चटकदार करून वर्गणीदार वाढविण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. ‘माले’ने जो वाचकवर्ग व जो विश्वास मिळवून दिला होता, त्याच्या आधाराने त्यांनी पत्राच्या भोवती उद्योग उभे केले. चित्रशाळा १८७८ पासून होतीच; किताबखाना, आर्यभूषण छापखाना, १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल, आणि १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे, ह्या सर्व उभारणीत त्यांचा हात होता. ह्यांतील काही उद्योग लोककार्याचे होते, काही व्यापाराचेही होते, आणि व्यापाराचे म्हणून त्यांचा शास्त्रीबुवांना संकोच वाटला नाही. निबंधलेखन मात्र त्यांनी त्या व्यापारापासून अलिप्त ठेविले. १७ मार्च १८८२ रोजी अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘माले’तील अखेरचा निबंध ‘आमच्या देशाची स्थिती’ पुढे १९१० मध्ये सरकारने जप्त केला. ती बंदी १९३७ मध्ये उठली. लेखकाच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी ज्या निबंधाचे सरकारला भय वाटावे, तो निबंध वर्गणीदारांच्या मर्जीकडे पाहून लिहिला गेला नव्हता, हे उघड आहे.

तिसरे उदाहरण हरि नारायण आपटे ह्यांचे. ‘मधली स्थिती’ ही त्यांची कादंबरी १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ ह्या दुसऱ्याच्या पत्रातून निघाली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि ते १९१७ पर्यंत चालविले. हरिभाऊंचा दुसरा पाय आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनात होता. तो आधार नसता तर सत्तावीस वर्षे एवढे साप्ताहिक रेटणे त्यांना साधले असते, असे आम्हांस वाटत नाही. पण साप्ताहिकाचा वाचक मासिकाच्या वाचकासारखा धीर धरणारा नसतो. त्याला दर आठवड्यास कथेचा हप्ता लागतो. ह्या हप्त्याने हरिभाऊंना काय दिले, हे ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचताना कळते. यमूने आपली हकीकत आपणच सांगावी, मध्येच आठवणीत शिरावे, घरातल्या बारीकसारीक गोष्टींवर रेंगाळावे, ही निवेदनाची रीत साप्ताहिक हप्त्याला इतकी सोयीची आहे की, ती मर्यादेतून जन्मली की प्रतिभेतून, हे सांगणे कठीण व्हावे. आणि हप्त्याने काय हिरावून घेतले, तेही दिसते. हरिभाऊंच्या कथानकांत पाल्हाळ शिरला आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. समीक्षकाने हे दोन्ही परिणाम एकाच कारणाचे म्हणून वाचावे. गुण प्रतिभेच्या खाती आणि दोष नियतकालिकाच्या खाती मांडणे, हा हिशेब खोटा आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की, ह्या ओढाताणीपेक्षा जुना आश्रय बरा. आश्रयाची परंपरा आम्ही तुच्छ मानीत नाही. मोरोपंतांना बारामतीस बाबूजी नाइकांचा आधार होता. ग्वाल्हेरने तांब्यांना, बडोद्याने चंद्रशेखर व यशवंत ह्यांना राजकवीचा मान दिला. आणि महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या केंद्रांत मराठी टिकली, तीत त्या त्या दरबारांचा वाटा मोठा आहे. परंतु आश्रयाच्या छायेत काव्य जितके वाढते, तितका स्पष्टोक्तीचा निबंध वाढत नाही. कविता आश्रयदात्याकडे पाठ फिरवून निसर्गाकडे अथवा देवाकडे पाहू शकते. निबंधाला मात्र समोरच्या माणसाशी वाद घालावयाचा असतो, आणि समोरचा माणूसच अन्नदाता असेल तर तो वाद जन्मतःच अर्धमेला होतो. शिवाय संस्थाने विलीन झाली त्याला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली. तो मार्ग आता उरलेलाही नाही.

आज मार्ग उरले ते तीन: वाचकाची वर्गणी, जाहिरातदाराचा पैसा, आणि लेखनामुळे मिळालेल्या नावावर चालणारा दुसरा उद्योग, म्हणजे ग्रंथ, व्याख्याने, अध्यापन. साधने पालटली आहेत; छापखाना व टपालहशील ह्यांवाचूनही आपले लेखन नियमाने दूरच्या वाचकापर्यंत पोहोचविणे आता शक्य झाले आहे, आणि आपल्या शिक्षकवर्गातील अनेक जण ते करू लागले आहेत. इंदूर, हैदराबाद येथे मराठी वाचक विरळ व विखुरलेला आहे. अशा वाचकासाठी मोठे नियतकालिक चालविणे अवघड, परंतु एकहाती पत्र त्याला नेमके सोसते. म्हणून वरील विवेचन आम्हांस केवळ इतिहासाचे वाटत नाही.

ह्या तिन्हींत जाहिरातदाराचा पैसा सर्वांत निसरडा, असे आमचे मत आहे. वर्गणीदार वाचण्यासाठी पैसे देतो. तो रुसला तरी लेखनावर रुसतो. जाहिरातदार लेखनासाठी पैसे देत नाही, त्यावर किती नजरा पडल्या ह्यासाठी देतो. त्यामुळे लेखकाच्या मनात ‘हे खरे आहे काय’ ह्या प्रश्नाच्या जागी ‘हे किती जण पाहतील’ हा प्रश्न हळूहळू येऊन बसतो. अंतर थोडे दिसते, पण निबंध मरतो तो ह्याच अंतरात. वर्गणीतही धोका आहेच. कारण वाचकांच्या लहानशा मंडळाला आपलीच मते पुन्हापुन्हा ऐकण्याची गोडी लागते आणि लेखक त्यांचा भाट बनतो. तरीही शंभर वाचकांनी दिलेले थोडथोडे द्रव्य एका हाताने दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा लेखणीला मोकळे ठेविते, हे नाकारता येणार नाही. शंभरांतले दहा रुसले तरी नव्वद राहतात. एकच आश्रयदाता रुसला की पत्र बुडते.

तेव्हा जो शिक्षक आपल्या लेखनापासून चार पैसे मिळवू पाहतो, त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. त्याने एवढेच पाहावे की, जोडउत्पन्न हे जोडउत्पन्नच राहील. मीठभाकरीचा भार चालू अंकावर पडला की अंक वाकतो; तो भार दुसरीकडे ठेवून अंकाला ताठ राहू द्यावे. आणि समीक्षकाने असे लेखन तपासताना लेखकाला पैसे मिळाले काय, हा प्रश्न बाजूस सारून मागील अंक आज वाचवतात काय, एवढेच विचारावे. विष्णुशास्त्र्यांनी आपल्या पत्राला ‘माला’ म्हटले, ह्यात विनय असेल. पण अर्थही आहे. एका फुलाची किंमत त्याच दिवशी करून चालत नाही. ती ओवली गेल्यावर काय उभे राहिले, ते पाहावयाचे असते. आणि ओवण्याचे काम चालू राहील एवढा योगक्षेम ज्याने सचोटीने जुळविला, त्याचे व्यवहारज्ञान हाही त्याच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचाच भाग मानला पाहिजे.