धार्मिक मासिकें : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

जुनी पोथी सांपडली म्हणजे आपण ती रुमालांत बांधून ठेवतों. छापील धार्मिक मासिक मात्र रद्दीच्या तराजूंत घालतों. तेल्हाऱ्यासारख्या वऱ्हाडांतील कापसाच्या गांवीं जुनीं घरें मोकळीं होतांना हा प्रकार दृष्टीस पडतो. श्रद्धावानास नवा अंक पुरेसा होतो. ज्याची श्रद्धा उडाली त्यास जुन्या अंकांचा वीट आलेला असतो. प्रस्तुत लेखक या दुसऱ्या वर्गांतला आहे. उपदेश एक व आचरण दुसरें असा अनुभव आल्यानें संप्रदायाशीं त्याचा संबंध पूर्वींच सुटला. तथापि श्रद्धेचा प्रश्न निराळा आणि साधनाच्या किंमतीचा निराळा, हें येथें दाखवावयाचें आहे.

पहिलें उदाहरण 'ज्ञानोदया'चें. हें पत्र अमेरिकन मराठी मिशननें १८४२ सालीं अहमदनगर येथें सुरू केलें. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा त्याचा उघड हेतु. त्याच पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत मुक्ताबाई या मांग जातींतील मुलीचा निबंध आला. जोतीराव फुले यांच्या पुण्यांतील शाळेची ही विद्यार्थिनी तेव्हां सुमारें चौदा वर्षांची होती. इमारतींच्या पायांत पुरलेलीं माणसें, तालमीपुढून जाणाऱ्यास पेशवाईंत होणारी शिक्षा, उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रिया, हें सर्व तिनें मांडलें आहे. आणि ज्यांना वेदांचा अधिकार नाहीं त्यांचा धर्म कोणता, असें देवालाच विचारलें आहे. धर्माविषयींच्या निराशेचा इतका अस्सल कागद एका धर्मप्रसारक पत्रानें राखून ठेवला, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. असें लिखाण मिशनऱ्यांस सोयीचें होतें, हा आक्षेप खरा आहे. परंतु सोय छापणाराची, दुःख लिहिणारीचें. संशोधकानें हीं दोन वेगवेगळीं वाचावीं.

दुसरें उदाहरण वऱ्हाडास अधिक जवळचें आहे. १९२३ सालीं निघालेल्या 'श्रीसाईलीला' मासिकानें अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्या इंग्रजी रोजनिशींतील शिर्डीचा भाग प्रसिद्ध केला. लोकमान्य मंडाले येथें तुरुंगांत असतां, डिसेंबर १९११ पासून मार्च १९१२ पर्यंत, खापर्डे शिर्डीस राहिले होते. भक्त या नोंदींत बाबांचे बोल शोधतो. संशोधकास त्यांत टिळकपक्षाच्या एका प्रमुख पुढाऱ्याचे ते महिने तारीखवार मिळतात : कोण आलें, कोण गेलें, कोणता ग्रंथ वाचला. मात्र भक्तांसाठीं छापलेला भाग हा सबंध रोजनिशी नव्हे. मुळाशीं ताडून पाहिल्यावांचून त्यावर निर्णय बांधूं नये.

या मासिकांचे दोष उघड आहेत. चमत्कारास तारीख नसते, विरुद्ध पक्षास जागा नसते, गुरूची स्तुति अंकागणिक वाढत जाते. पण भक्ताच्या अनुभवाच्या पत्रांतून चमत्कार वजा केला तरी त्याचें गांव, धंदा, दुखणें, प्रवासाची वाट आणि घरांतील अडचण हीं शिल्लक राहतात. चमत्कार सिद्ध करण्याच्या भरांत लिहिणारानें हीं सहज नोंदलेलीं असतात, म्हणून त्यांत बनावास वाव कमी. सामान्य माणसाचें असें लिखाण सरकारी दप्तरांत क्वचित् मिळतें.

यास्तव संग्राहकांस सुचवावयाचें तें इतकेंच. अंक बांधवितांना मुखपृष्ठें व जाहिरातींचीं पानें फाडून टाकूं नयेत. वर्गणी, किंमत आणि देणगीदारांचीं नांवें बहुधा तेथेंच असतात. अंक कोणाच्या घरांतून आला तें पहिल्या पानावर पेन्सिलीनें लिहावें. सुटा अंकही टाकूं नये. दुसऱ्या संग्रहांतील खंड त्यानेंच पुरा होण्याचा संभव असतो. मासिकांतील मत मान्य नसलें तरी एवढें करण्यास अडचण नाहीं. आपण शत्रूच्या गोटांतील पत्रें इतिहासासाठीं जपतोंच. मग जो गोट आपण सोडून आलों, त्याचीं कां जपूं नयेत?