अधिकारशाही, फॅसिझम आणि विद्यापीठ : हुआन लिन्झ यांच्या भेदाविषयी

विद्यापीठाच्या आवारात पोलीस शिरले की 'फॅसिझम' हा शब्द उच्चारण्याचा प्रघात जुना आहे. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून निदर्शकांना पोलिसांनी बाहेर काढले, तेव्हाही तो ऐकू आला. संताप रास्त असू शकतो. परंतु संतापाचा शब्द अभ्यासकाला जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. आपण मराठीत तर हिटलर, फ्रँको आणि एखादा सत्ता बळकावणारा सेनापती या सर्वांना 'हुकूमशाही' या एकाच शब्दात सुखेनैव बसवतो. म्हणून लिन्झ यांनी १९६४ साली स्पेनविषयीच्या निबंधात मांडलेला भेद विद्यापीठाच्या कसोटीवर तपासून पाहणे इष्ट आहे.

लिन्झ यांच्या मते अधिकारशाहीत मर्यादित अनेकत्व असते, बांधेसूद विचारप्रणालीऐवजी केवळ एक मनोवृत्ती असते आणि लोकांना राजकीय चळवळीत ओढण्याची राज्यकर्त्यांना फारशी गरज वाटत नाही. त्यांनी हा भेद मुळात सर्वंकष सत्तेशी तुलना करून केला होता. फॅसिझमला तो लावताना तिसरे लक्षण सर्वांत उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जर्मनीत १० मे १९३३ रोजी ग्रंथांच्या होळ्या पेटल्या त्या विद्यार्थिसंघटनेच्या पुढाकाराने; काही प्राध्यापकांनी तेथे भाषणेही केली. विद्यापीठाला गप्प करण्यासाठी बाहेरून कोणी यावे लागले नाही. पुढे १८ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिक विद्यापीठात पत्रके टाकणाऱ्या हान्स व सोफी शोल या भावंडांना प्रथम पकडले ते विद्यापीठाच्याच एका कर्मचाऱ्याने. याउलट १९६५ च्या फेब्रुवारीत माद्रिदचे विद्यार्थी मोर्चाने निघाले, तेव्हा राज्यसत्तेला त्यांचा जयघोष नको होता. त्यांनी घरी जावे एवढेच हवे होते. पोलीस आले, आणि मोर्चाची बाजू घेणाऱ्या आरांगुरेन, तिएर्नो गाल्वान व गार्सिया काल्वो या तीन प्राध्यापकांना त्याच वर्षी कायमचे बडतर्फ करण्यात आले.

येथवर लिन्झ बरोबर आहेत. तथापि यावरून अधिकारशाही म्हणजे सौम्य फॅसिझम, असा जो समज वाचकाच्या मनात रुजतो तो टिकणारा नाही. फ्रँकोच्या पक्षाने ऑक्टोबर १९३६ मध्ये ग्रानादा विद्यापीठाचे कुलगुरू साल्वादोर व्हिला यांना, आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये ओव्हिएदोचे कुलगुरू लेओपोल्दो आलास यांना गोळ्या घातल्या. १९४३ च्या विद्यापीठ कायद्याने फालांज पक्षाच्या विद्यार्थिसंघाचे सभासदत्व प्रत्येक विद्यार्थ्यावर सक्तीचे केले. हा संघ फॅसिस्ट यंत्रणेचाच एक भाग होता. म्हणजे लिन्झ यांनी जे स्पेन पाहिले, ते एका निराळ्या स्पेनच्या झिजेतून निर्माण झालेले होते.

लिन्झ यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. अशा राजवटींच्या वाटचालीत काही टप्प्यांवर लोकांची जमवाजमव होते, ही सवड त्यांनी व्याख्येतच ठेवली आहे. पण ती एका अपवादात्मक पोटवाक्यात. आमचा आक्षेप तिच्या या जागेवर आहे. व्याख्या देशाला लावली की स्पेन एका खणात पडतो. टप्प्याला लावली, तर १९४३ आणि १९६५ यांमधील अंतर दिसू लागते.

ते अंतर कसे कापले गेले, हा खरा संशोधनाचा विषय. फेब्रुवारी १९५६ मध्ये माद्रिदमध्ये फालांजवादी व विरोधी विद्यार्थ्यांची चकमक झाली. फ्रँकोने शिक्षणमंत्री आणि फालांजचा सरचिटणीस अशा दोघांनाही घालवले. मर्यादित अनेकत्वाचे याहून चोख उदाहरण क्वचितच सापडेल. पण त्यानंतर विरोधी विद्यार्थी त्या सक्तीच्या संघाच्याच निवडणुका लढवून प्रतिनिधी होऊ लागले आणि त्यांनी तो आतून पोखरला. १९६५ मध्ये सरकारला तो गुंडाळावा लागला.