सात रस्ते आणि एक सरासरी

पावसाचं भाकीत करणाऱ्यांचे आमच्या सोलापुरात तीन पंथ आहेत. पहिला वासराचा, दुसरा पंचांगाचा आणि तिसरा हवामान खात्याचा. चौथा पंथ आमच्या ब्रँचच्या शिपाईमामांचा. पण त्याला अजून मान्यता मिळालेली नाही. या चौघांत खरा कोण, याचा निकाल द्यायचं मी मनावर घेतलंय. माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. मी बी. कॉम. आहे आणि स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात मला अडतीस मार्क होते. पास व्हायला पस्तीस पुरत. म्हणजे तीन मार्क शिल्लक पडले. ते मी समीक्षेसाठी राखून ठेवले होते.

प्रथम वासरू. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. होम मैदानावर होमप्रदीपन झालं की रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढे धान्य, गूळ वगैरे ठेवतात आणि ते काय करतं ते बघतात. त्यानं तिथेच मूत्रविसर्जन केलं, की यंदा पाऊस चांगला. मी दरवर्षी जातो, गर्दीत पाय तुडवून घेतो आणि वासराच्या शेपटीकडे बघत राहतो. पण हिशेबनिसाच्या दृष्टीनं यात एक अडचण आहे. वासरू दरवर्षी नवं. गेल्या सालची चूक कुणाच्या नावे टाकायची? मागचा वासरू तर आता बैल होऊन नांगराला जुंपलेला!

दुसरं पंचांग. दाते पंचांग तर आमच्या सोलापूरचंच, त्यामुळे टीका करताना जीभ जरा आखडते. पावसाच्या नक्षत्राचं वाहन काढायची रीत मला फार आवडते. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं आणि बाकी बघायची. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले की बेताचा. उरलेल्या बाकीवरून पुढचं भवितव्य ठरवायचं, हेच आम्ही बँकेतही करतो. पण गाढव किंवा उंदीर आला आणि पाऊस ‘खंडित’ म्हटला, की माझी लेखणी थांबते. खंडित म्हणजे कुठे पडेल, कुठे नाही. हे कधी खोटं ठरणार? रक्कम न लिहिलेला चेक परत जात नाही हे खरं, पण वटतही नाही.

तिसरं हवामान खातं. शिमल्याचं त्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली पुण्याला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, तरी मोसमी पावसाचं गणित पुण्यातच राहिलं. पहिलं अधिकृत भाकीत त्याच्याही आधीचं, १८८६ सालचं. ब्लॅनफर्डसाहेब हिमालयातलं बर्फ बघून सांगत. बर्फ जास्त, तर पाऊस कमी. मग १९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले. हे केंब्रिजचे गणिती आणि बूमरँग फेकण्याचे शौकीन. (फेकलेली वस्तू फेकणाऱ्याकडेच परत येते, हा अनुभव पुढे खात्याला बराच उपयोगी पडला.) त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे नि तापमानाचे आकडे घेतले आणि कुठलं खातं आपल्या पावसाच्या खात्याबरोबर वरखाली होतं, ते शोधून काढलं. याला म्हणतात सहसंबंध. माझे पस्तिसातले बरेचसे मार्क या प्रश्नाचेच.

१९८८ साली वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी सोळा घटकांचं मॉडेल घेऊन आले. लग्नाला छत्तीस गुण लागतात, पावसाला सोळा पुरले! त्या सालापासून २००१ पर्यंत चौदा वर्षं देशात दुष्काळ पडणार नाही असं निघालं, आणि पडलाही नाही. वाहवा झाली, व्हायलाच हवी.

इथे मामा पुढे येतात. मामांना कधीही विचारा, “मामा, यंदा पाऊस?” मामा फाईल ठेवता ठेवता सांगणार, “पडंल की ओ सायेब. न पडून करतोय काय?” दरवर्षी हेच. घटक शून्य, खर्च एक कप चहा. आता हे शास्त्र मी मागच्या सालांना लावून बघितलं. १९८८ ते २००१, चौदापैकी चौदा! २०२५ पर्यंत आणलं तर अडतीस वर्षांत देशाच्या पावसात दहा टक्क्यांहून जास्त तूट आली ती फक्त २००२, २००४, २००९, २०१४ आणि २०१५ साली. म्हणजे मामा अडतीसपैकी तेहतीस वेळा बरोबर. सत्त्याऐंशी टक्के! मला उभ्या जन्मात मिळाले नाहीत.

मामांना पुण्याला पाठवावं, असं माझ्याही मनात आलं होतं. पण २००२ साल आठवलं.

तेव्हा मी नोकरीला नुकताच चिकटलो होतो. मंगळवेढ्याकडचे एक आण्णा पीककर्जाच्या कागदांवर सही करायला आले होते. मी पेपर वाचत होतो. “सायेब, काय म्हणतंय वरचं खातं?” मी ऐटीत सांगितलं, “एकशे एक टक्के!” आण्णांनी तूर पेरली, सूर्यफूल पेरलं. जुलैत देशात नेहमीच्या निम्म्यानंसुद्धा पाऊस झाला नाही, हंगाम ८१ टक्क्यांवर थांबला. दिवाळीनंतर आण्णा कर्जाचे हप्ते पुढे ढकलायचा अर्ज घेऊन माझ्याच टेबलापाशी उभे. मला एक शब्द बोलले नाहीत. फॉर्म भरून झाल्यावर एवढंच म्हणाले, “पुढच्या साली टक्के नगा सांगू सायेब. पेरू का नगो, तेवढं सांगा.”

तेव्हापासून मी वही घातली. त्या वहीतून मला एक गोष्ट कळली. मामांचं शास्त्र तेहतीस वेळा खरं ठरतं. पण पाच वेळा खोटं ठरतं ती नेमकी तीच पाच सालं, जेव्हा कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. चांगल्या साली चांगलं सांगणाऱ्याला मार्क देण्यात अर्थ नाही. परीक्षा त्या पाच पेपरांचीच.

त्यात खात्याची प्रगती अशी. २००२ साली वीस टक्क्यांची चूक. मग सोळा घटक मोडीत काढून २००३ साली आठ आणि दहा घटकांची नवी मॉडेलं आली. २००४ साली तीही तोंडघशी पडली. २००९ साली जूनमध्ये ९३ म्हणाले, पडला ७८. २०१४ साली पुन्हा ९३ म्हणाले, पडला ८८. आणि २०१५ साली, एक खासगी कंपनी १०२ टक्के छातीठोकपणे सांगत असताना, खातं ८८ म्हणालं, पडला ८६. पाचात एक पास, एक ग्रेस मार्कांनी. हसू नका, वासराकडे ही यादीच नाही. आपली चूक किती टक्क्यांची असू शकते हे आधी छापून सांगणारा आणि हंगाम संपल्यावर स्वतःच ताळा जुळवून दाखवणारा या चौघांत एकटाच आहे. जो ताळा दाखवतो त्याच्यावर कारकुनानं विश्वास ठेवावा, हा माझा निकाल.

आणि तरीही आण्णांचा प्रश्न शिल्लक राहतोच. २०२५ साली खात्यानं १०६ सांगितले, देशात पडला १०८. शाबास! पण त्याच सप्टेंबरात सीनेच्या पुरानं माढा, मोहोळकडची उभी पिकं पाण्यात गेली. आकडा देशाचा, तो बरोबर. शेत माणसाचं, ते वाहून गेलं. आता पुण्यात सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत बघणारं मॉडेल आलंय म्हणतात. ते रोजच्या हवेसाठी, पण निदान आण्णांच्या गावाच्या दिशेनं चाललंय.

परवा संध्याकाळी सात रस्त्यावर चहा घेताना मी हे सगळं मामांना समजावत होतो. मामांनी चौकाकडे बघितलं. “सायेब, ह्या सातही रस्त्यांची सरासरी काढली तर माणूस कुठं पोचंल ओ?”

मी विचार केला. “इथंच चौकात उभा राहील, मामा.”

“मग चला की,” मामा म्हणाले, “आभाळ भरून आलंय.”

वहीत मी त्याची नोंद केली. पण छत्री मामांकडे होती, माझ्याकडे नव्हती.