आराखड्यातली रेषा आणि तिची नाती

इमारतींचे आराखडे तयार करणाऱ्या संगणकीय आज्ञावल्यांची परीक्षा आपण बहुधा त्यांनी काढलेल्या चित्रांवरून करतो. अजून न बांधलेल्या घराच्या भिंतीवर पडलेले ऊन, खिडकीच्या काचेतले झाडाचे प्रतिबिंब, दारातून आत शिरल्याचा भास हे सारे पडद्यावर पाहिले की संगणकाचे कौतुक वाटते. पण एखाद्या शास्त्रीय शोधाचे मोल ठरवायचे तर चित्राच्या देखणेपणाहून वेगळा प्रश्न विचारायला हवा. पडद्यावरची रेषा कशाची आहे आणि तिचा शेजारच्या रेषेशी काय संबंध आहे, हे त्या आज्ञावलीत नोंदलेले आहे का? या कसोटीवर गेल्या साठ वर्षांतले काही शोध तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कसोटी नेमकी कशी लावायची ते एका जिन्यावरून पाहू. समजा, मजल्याची उंची ३ मीटर आहे. १५ सेंटिमीटर उंचीच्या २० पायऱ्या चढलो की आपण वर पोचतो. विसाव्या वेळी पाऊल पडते ते वरच्या मजल्यावरच. म्हणून पाऊल ठेवायच्या फरश्या १९ लागतात. प्रत्येक फरशी २५ सेंटिमीटर रुंद धरली, तर सरळ जिना ४.७५ मीटर जागा घेईल. आता घरमालकाने उंची ३.३० मीटर करायला सांगितली. पायऱ्या २२ झाल्या, फरश्या २१ आणि जिन्याची लांबी ५.२५ मीटर. जिना अर्धा मीटर पुढे आला. कदाचित खालच्या दाराच्या आड आला. कागदावरच्या छेदचित्रात उंचीचा आकडा खोडून नवा लिहिला, तरी शेजारच्या प्लॅनमधला जिना आपोआप लांब होत नाही. ही चूक मग प्रत्यक्ष जागेवर गवंड्याला सापडते. उंची, पायऱ्यांची संख्या आणि जिन्याची लांबी यांचे नाते आराखड्यातच नोंदलेले असते, तर चूक झाल्याबरोबर ती दिसली असती.

स्केचपॅडचा षट्कोन

आश्चर्याची गोष्ट अशी, की नाते नोंदवण्याची ही कल्पना अगदी पहिल्याच प्रयत्नात साधली होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने १९६३ साली पीएच.डी.च्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली लिहिली. टीएक्स-२ नावाच्या मोठ्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून तिच्यात रेषा काढता येत. पडद्यावर चित्र उमटते याचेच लोकांना नवल वाटले. खरा शोध मात्र त्या चित्राच्या मागे होता.

सदरलँड यांनी दिलेले षट्कोनाचे उदाहरण आपल्या वर्गात सहज सांगता येण्याजोगे आहे. प्रथम कसाही वेडावाकडा षट्कोन काढायचा. मग त्याचे सहाही शिरोबिंदू एका वर्तुळावर असले पाहिजेत, असे संगणकाला सांगायचे. त्यानंतर सर्व बाजू समान असल्या पाहिजेत, असे सांगायचे. संगणक बिंदू थोडे थोडे सरकवत या दोन्ही अटी पुऱ्या करतो आणि सुसम षट्कोन तयार होतो. इथे कोणी कोन मोजलेला नाही. वर्तुळात अंतर्लिखित बहुभुजाच्या बाजू समान असतील तर तो सुसम असतो, या आपल्या ओळखीच्या भूमितीने काम केले आहे. शिवाय मूळ षट्कोनाच्या शेकडो प्रती काढून जाळी तयार करता येई आणि मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती बदलत. खिडकीचे एक चित्र बदलले की इमारतीतल्या साऱ्या खिडक्या बदलाव्यात, ही सोय मुळात इथली आहे.

मागे राहिलेली कल्पना

मग पुढे काय झाले? १९८२ साली ऑटोकॅड ही आज्ञावली आली आणि टेबलावर मावणाऱ्या छोट्या संगणकांबरोबर ती जगभर पसरली. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर यांची जागा तिने घेतली. रेषा अचूक आल्या, खाडाखोड संपली, जुन्या आराखड्याची नक्कल क्षणात होऊ लागली. ही सोय मोठीच होती आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण आपल्या कसोटीवर पाहिले तर सुरुवातीची ऑटोकॅड म्हणजे फार चांगला ड्रॉइंग बोर्डच होता. दोन समांतर रेषा म्हणजे भिंत, हे पाहणाऱ्याला कळे. आज्ञावलीच्या लेखी त्या दोन रेषाच होत्या. एक सरकवली तर दुसरी जागेवर राही. बाजू समान, रेषा लंब अशा भौमितिक अटी घालण्याची सोय ऑटोकॅडमध्ये आली ती २००९ साली निघालेल्या आवृत्तीत. स्केचपॅडनंतर ४६ वर्षांनी!

याचा सगळा दोष आज्ञावली लिहिणाऱ्यांना देता येणार नाही. अनेक अटी एकाच वेळी सोडवणे हे बरेच गणिती काम आहे आणि सुरुवातीच्या छोट्या संगणकांना ते झेपणारे नव्हते. ग्राहकालाही ओळखीचे तेच, फक्त अधिक वेगाने हवे होते. नवे साधन आले की आपण प्रथम त्याच्याकडून जुनेच काम करून घेतो. म्हणूनच बाजारात जे जास्त खपले तोच मोठा शोध, असे समजणे चुकीचे ठरते.

नात्याची कल्पना अगदी विझली मात्र नाही. १९७५ साली चार्ल्स ईस्टमन यांनी असे मांडले, की संगणकात चित्रे साठवण्याऐवजी इमारतच साठवावी. भिंत, दार, तुळई, खांब यांची मापे आणि त्यांचे परस्परसंबंध एकदाच नोंदवावेत. प्लॅन, छेद, दर्शनी चित्र हे सारे त्या एका नोंदीतून हवे तेव्हा काढून घ्यावे. जिन्याची उंची एका ठिकाणी बदलली की ती सगळ्या चित्रांत बदलणार. १९८० च्या दशकात बुडापेस्टमध्ये तयार झालेली आर्किकॅड आणि २००० साली आलेली रेव्हिट या आज्ञावल्या याच वाटेने गेल्या. माझ्या मते आराखड्यांच्या क्षेत्रातला स्केचपॅडनंतरचा सर्वांत महत्त्वाचा विचार हाच आहे, जरी जाहिरातीत दाखवण्यासारखे त्यात काही नसले तरी.

वक्ररेषेचे रहस्य

सरळ रेषांचे झाले, वक्ररेषांचे काय? त्यांचे उत्तर फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांतून आले. गाडीच्या पत्र्याचा बाक संगणकाला कसा सांगायचा, हा प्रश्न सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ पासून हाताळला. कंपनीने त्यांचे काम गुप्त ठेवले. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी आपली पद्धत १९६० च्या दशकात प्रसिद्ध केली. म्हणून या वक्ररेषांना बेझिए यांचे नाव मिळाले.

पद्धत इतकी सोपी आहे, की आलेखाच्या कागदावर आठवीतला विद्यार्थीही ती करू शकेल. अ (०, ०), ब (४, ८) आणि क (८, ०) हे तीन बिंदू घ्या. अब आणि बक यांचे मध्यबिंदू काढा : (२, ४) आणि (६, ४). ते जोडून त्या रेषाखंडाचा मध्यबिंदू काढा : (४, ४). हा वक्ररेषेवरचा एक बिंदू झाला. आता प्रत्येक वेळी मध्याऐवजी एक चतुर्थांश अंतर घ्या. अब वर (१, २) आणि बक वर (५, ६) मिळतील. ते जोडून पुन्हा एक चतुर्थांशावर थांबा : (२, ३). असे वेगवेगळ्या अपूर्णांकांसाठी करत गेले की बिंदूंमधून एक देखणी कमान उमटते. तो अन्वस्त आहे; य = क्ष(८ − क्ष)/४ या समीकरणात हे बिंदू घालून ताळा पाहता येतो. ब हा बिंदू वक्ररेषेवर नाही, पण तो हलवला की सगळी कमान त्याच्यामागून वळते. म्हणजे वक्ररेषाही इथे तीन बिंदूंमधल्या नात्याच्या रूपात साठवली आहे.

सिडनी आणि बिल्बाओ

या साधनाने वास्तुकलेला काय दिले, हे पाहण्यासाठी दोन इमारती शेजारी ठेवू. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा आराखडा योर्न उट्झन यांनी १९५७ साली स्पर्धा जिंकून दिला. शिडांसारखी ती छपरे डोळ्यांना सुखावत होती. पण त्यांची भूमिती ठरलेली नव्हती. अन्वस्त, विवृत्त असे आकार वापरून पाहण्यात काही वर्षे गेली. शेवटी सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे म्हणून सर्व छपरे कापायची, असे ठरले. सगळीकडे वक्रता एकच असल्याने काँक्रीटच्या फासळ्यांचे भाग थोड्याच साच्यांतून ओतता आले. इमारत १९७३ साली खुली झाली.

स्पेनमधल्या बिल्बाओचे गुगेनहाइम संग्रहालय १९९७ साली उघडले. फ्रँक गेरी यांनी हाताने केलेल्या प्रतिकृतींवरचे बिंदू मोजून संगणकात भरले गेले. त्यासाठी वापरलेली काटिया ही आज्ञावली मुळात विमाने घडवण्यासाठी तयार झालेली. इथे छपरांना एक गोल शोधावा लागला नाही. प्रत्येक पत्र्याचा बाक वेगळा असला तरी त्याचे माप संगणक कारखान्याला कळवू शकत होता.

यात कमाई आहे, तसा तोटाही आहे. नियम सापडल्याशिवाय सिडनीची इमारत उभी राहणे अवघड होते, म्हणून नियमाचा शोध घ्यावा लागला. कोणताही आकार वर्णन करणारे साधन हाती आल्यावर ती सक्ती राहत नाही. गेरी यांच्यासारख्या कलावंताच्या हाती हे स्वातंत्र्य शोभते. पण त्याचे अनुकरण करताना 'हा बाक कशासाठी?' हा प्रश्न न विचारताच पुढे जाणे सोपे होऊन बसते.

न सांगितलेली गोष्ट

नाती नोंदवणाऱ्या आज्ञावलीचीही एक मर्यादा आहे. जे नाते आपण सांगितले तेवढेच तिला माहीत असते आणि चुकीचे सांगितले तर तेच ती निष्ठेने पाळते.

अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या क्रीडागृहाचे छप्पर सुमारे ९१ × ११० मीटरचे होते. पोलादी दांड्यांची ती त्रिमितीय जाळी संगणकावर गणित करून आखलेली होती. १८ जानेवारी १९७८ रोजी पहाटे बर्फाच्या भाराखाली ती कोसळली. काही तासांपूर्वीच तिथे सुमारे ५,००० लोक बास्केटबॉलचा सामना पाहत होते. सुदैवाने कोणी दगावले नाही.

चौकशीत दिसले, की वरच्या थरातले दाबाखालचे दांडे मध्यभागी बाजूने धरून ठेवलेले आहेत असे गणितात गृहीत धरले होते. कडेच्या दांड्यांना प्रत्यक्षात तसा पुरेसा आधार नव्हता. छपराचे स्वतःचे वजनही कमी धरले होते. याचे महत्त्व प्लॅस्टिकच्या पट्टीवरून कळते. पट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. ती लगेच बाजूला वाकते. मग कोणाला तरी तिचा मध्य दोन बोटांनी धरायला सांगा आणि पुन्हा दाबा. वाकणारी लांबी निम्मी झाली की सहन होणारा भार चौपट होतो, हे ऑयलरचे गणित आहे. संगणकातल्या दांड्यांना ती बोटे होती, छपरातल्या दांड्यांना नव्हती.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. छप्पर उभारताना त्याचा झोक मोजला होता आणि तो गणिताच्या सुमारे दुप्पट भरला होता. शंका विचारल्या गेल्या, पण गणित संगणकाचे असल्याने फरकाकडे गंभीरपणे पाहिले गेले नाही. प्रयोगशाळेत निरीक्षण आणि सिद्धान्त जुळले नाहीत तर आपण सिद्धान्त तपासतो. इथे निरीक्षण बाजूला सारले गेले.

आपल्या वर्गासाठी

आराखड्यांची आज्ञावली शिकवणे म्हणजे कोणते बटण कुठे आहे हे शिकवणे, असा समज आज बराच पसरला आहे. बटणे दर आवृत्तीत बदलतात. लंब, समांतर, स्पर्शिका, समरूपता यांचे अर्थ बदलत नाहीत. इंटरमिजिएट परीक्षेसाठी मुले भूमितीच्या रचना पाठ करतात, तेव्हा 'ही रेषा इथेच का आली?' असे एकदा विचारून पाहावे. शाळेत संगणक असेल तर जिओजिब्रामध्ये त्रिकोणाचे परिवर्तुळ काढून शिरोबिंदू ओढायला द्यावेत. नुसते डोळ्यांनी जमवून काढलेले वर्तुळ मागे राहते. लंबदुभाजकांवरून रचलेले वर्तुळ त्रिकोणाबरोबर चालते. त्या दोन वर्तुळांतला फरक मुलांनी स्वतः सांगितला, तर चित्र आणि आराखडा यांतला फरक त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.

त्यानंतर मुलांना शाळेचा जिना टेपने मोजायला पाठवावे. पायऱ्यांची उंची आणि संख्या यांचा गुणाकार मजल्याच्या मोजलेल्या उंचीशी जुळतो का ते पाहावे. थोडा फरक हमखास येईल. तो खोडून टाकू नये; तो कुठून आला हे शोधायला लावावे.