पाणी उकळून प्या, पण कोणते पाणी?

सार्वजनिक आरोग्यावरचे मराठी लेखन वाचताना एक इसम मला पुन्हा पुन्हा भेटतो : 'अडाणी खेडूत'. तो पाणी उकळत नाही, हात धूत नाही, म्हणून त्याची पोरे हगवणीने दगावतात. या इसमाला जात नसते. त्याची वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला आहे, हे लेखक सांगत नाही.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. 'पाणी उकळून प्या' ही भिंतीवरची पाटी तिला मीच वाचून दाखवली. ती म्हणाली, "उकळीन की बाबा. आधी घागर तर भरू दे." हातपंप गावात होता, आम्ही ओढ्यात झरा उकरीत होतो. तिला जे ठाऊक होते ते पाटी लिहिणाराला ठाऊक नव्हते.

म्हणूनच जामखेडचा अनुभव मला मोलाचा वाटतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे काम सुरू केले. गावोगावच्या निरक्षर स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या; त्यांत अनेक दलित होत्या. काही गावांत कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या गेल्या आणि सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. प्रकल्पाच्या नोंदीनुसार १९७१ साली हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ मध्ये ५२ वर आला.

पण या कामावर लिहिणारे काय लिहितात? डॉक्टरांचा त्याग, त्यांची सेवा, १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार. आरोळे दांपत्याचे मोठेपण मी नाकारीत नाही. माझा आक्षेप मांडणीला आहे. त्या मांडणीत कार्यकर्ती 'अडाणी असूनही शिकली' एवढीच उरते. सवर्ण घरातील बाळंतिणीपर्यंत पोचायला तिला कोणता उंबरठा ओलांडावा लागला, हे कोणी विचारीत नाही. कूपनलिकेची जागा हा तपशील नव्हे. तोच उपचार होता.

आपणही दोषमुक्त नाही. दलित आत्मकथनांत रोगराई पानोपानी आहे. आपले समीक्षक तिला 'दारिद्र्याचे चित्रण' म्हणतात आणि पुढे जातात. १९२७ चा महाडचा संग्राम केवळ पाण्यासाठी नव्हता, समतेसाठी होता, हे आपण अभिमानाने सांगतो. मग समता नसेल तेथे पाणी नाही आणि पाणी नसेल तेथे आरोग्य नाही, हेही आपणच सांगितले पाहिजे. यापुढे आरोग्यावरचे कोणतेही पुस्तक हाती आले की मी आधी एवढेच पाहणार आहे : त्यात विहीर कोणाच्या दारात आहे?