अद्भुतकथेतील व्यूहरचना आणि प्रेक्षकांचे आक्षेप

दूरचित्रवाणीवरील अद्भुतरम्य मालिकेतील लढाई पाहून सेनापतीच्या चुका काढणारा प्रेक्षक मराठी समीक्षेने फारसा विचारात घेतलेला नाही. घोडदळ आधी का धाडले, खंदक पिछाडीला का खणला, तटाच्या आत असलेले सैन्य बाहेर का काढले, असे प्रश्न महाविद्यालयांच्या आवारात तावातावाने चर्चिले जातात आणि अध्यापक वर्ग बहुधा त्याकडे वेळेचा अपव्यय म्हणून पाहतो. त्यावरचे ठरलेले उत्तर असे की, ज्या कथेत आग ओकणारे पंखधारी प्राणी आणि चालती प्रेते चालतात तिथे व्यूहरचनेचा हिशेब मागणे हास्यास्पद आहे. हे उत्तर वरवर बिनतोड वाटत असले तरी ते साहित्यविचाराच्या कसोटीवर टिकत नाही. लढाईविषयीचा आक्षेप हा पुष्कळदा कथानकाच्या संगतीविषयीचा आक्षेप असतो आणि म्हणून तो समीक्षेच्या कक्षेत येतो.

'गेम ऑफ थ्रोन्स' ही एचबीओ वाहिनीची मालिका 2011 ते 2019 या काळात आठ पर्वांत प्रसारित झाली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 1996 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कादंबरीमालेवर ती आधारलेली होती. तथापि कादंबरीमाला अपूर्ण असल्याने शेवटच्या पर्वांचे कथानक पटकथाकारांनाच रचावे लागले. शेवटच्या पर्वातील 'द लाँग नाइट' हा भाग एप्रिल 2019 मध्ये दाखविला गेला. मृतांची सेना विंटरफेल या गढीवर चालून येते आणि जिवंत माणसांच्या सर्व फौजा तिथे एकवटलेल्या असतात, असा हा प्रसंग. आठ वर्षे ज्याची वाट पाहावयास लावली ती ही लढाई. साहजिकच इतकी चर्चा या मालिकेतील फार थोड्या भागांची झाली असेल.

आक्षेपांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. प्रारंभीच डोथ्राकी घोडेस्वारांची संपूर्ण फळी, समोर काय आहे हे दिसत नसताना, काळोखात सोडली जाते. त्यांच्या पेटलेल्या तलवारींचे ठिपके दूरवर एकेक करून विझतात. दगड फेकणारी यंत्रे तटाच्या आत असावयास हवीत, ती पायदळाच्याही पुढे मोकळ्या मैदानात मांडलेली आहेत. खंदक आहे, पण तो सैन्याच्या पाठीशी. म्हणजे माघार घेणाऱ्या शिपायालाच तो आधी ओलांडावा लागतो. शत्रूची मुख्य शक्ती मेलेल्यांना उठविण्याची, हे सर्वांना ठाऊक असूनही स्त्रिया आणि मुले यांना सुरक्षिततेसाठी नेले जाते ते पूर्वजांच्या तळघरातील दफनभूमीत. व्हायचे तेच तिथे होते.

खंदकाविषयीचा आक्षेप समजण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला युद्धशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाही. शाळेच्या सहलीत तो देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला, पाहून आलेला असतो. खडकात कोरलेला खंदक, त्यापलीकडे तासून उभा केलेला कडा आणि वर जाण्यासाठी जवळजवळ एकच अंधारी वाट, ही रचना अशी आहे की प्रत्येक अडथळा चढाई करणाराच्या वाट्याला यावा. तिथे एकदा उभे राहिलेल्या मुलाला विंटरफेलचा खंदक चुकीच्या बाजूला आहे हे सांगावे लागत नाही.

परंतु हाच देवगिरी एक अवघड प्रश्नही पुढे करतो. असा किल्ला 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजीच्या तुलनेने लहान फौजेपुढे नमला. रामचंद्रदेव यादवाचे मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर दूर होते. दिल्लीहून आणखी मोठी फौज मागून येत असल्याची हूल उठविण्यात आली होती. आणि फिरिश्ताने दिलेल्या हकीकतीनुसार घाईने गडावर चढविलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले. एखाद्या कादंबरीकाराने मिठाच्या पोत्यांचा हा प्रसंग रचला असता तर त्याच्यावर सोयीस्कर योगायोगाचा आरोप झाला असता. तरीही ही कथा शतकानुशतके सांगितली जाते आणि ऐकणारा ती मान्य करतो. कारण पोती घाईत चढविली गेली, घाई बेसावधपणामुळे झाली आणि त्या बेसावधपणाची किंमत राज्याला मोजावी लागली, अशी एक सलग साखळी तिच्यात आहे. श्रोत्याला चूक सहज पचते. त्याला बिनकारणाची आणि बिनपरिणामाची चूक तेवढी पचत नाही.

विंटरफेलच्या बाबतीत नेमके हेच घडते. घोडदळ अंधारात पाठविण्याचे कारण कोणत्याही पात्राच्या स्वभावात, अज्ञानात, गर्वात वा मतभेदात सापडत नाही. विझत जाणाऱ्या ठिपक्यांचे दृश्य विलक्षण प्रभावी आहे यात शंका नाही. मालिकेतील सर्वोत्तम दृश्यांत त्याची गणना करावी लागेल. परंतु आधी दृश्य ठरले आणि मग त्याला साजेशी चाल शोधली, असे पाहणाराला वाटत राहते. परिणामांची गोष्ट तर याहून विचित्र आहे. पुढच्याच भागातील मसलतीत नकाशावरील सोंगट्या उचलल्या जातात आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत नाहीशी झालेली ती घोडदळाची फळी निम्मी शिल्लक असल्याचे कळते. त्याच मसलतीत ग्रेजॉय आरमाराचा उल्लेख होतो. त्यानंतर थोड्याच वेळात ते आरमार डेनेरिसला पूर्णपणे बेसावध गाठते. ती त्या आरमाराला जणू विसरून गेली होती, अशा आशयाचे स्पष्टीकरण निर्मात्यांनी नंतर दिले. कथेच्या आत ज्याचा मागमूस नाही असे कारण कथेबाहेरून पुरवावे लागणे, ही पटकथेच्या दुबळेपणाची कबुलीच म्हणावी लागेल.

'मग ड्रॅगन कसे चालतात?' या प्रतिप्रश्नाचे उत्तर ॲरिस्टॉटलने दिलेले आहे. शक्य पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य पण पटणारी गोष्ट कवीने पत्करावी, हे त्याचे मत सर्वपरिचित आहे. क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चे'त औचित्याची सत्तावीस स्थाने सांगताना देश आणि काळ यांनाही त्यांत जागा दिली, तीही येथे उपयोगी पडते. याच मालिकेच्या पहिल्या पर्वात विंटरफेलहून राजधानीला जाण्यास महिनाभराहून अधिक काळ लागतो आणि त्या अंतरावर कथानकातील अनेक गैरसमज उभे राहतात. 2017 मधील सातव्या पर्वात मात्र निरोप घेऊन पक्षी जातो आणि मदत येऊनही पोहोचते, तीही प्रसंगाला हवी तेव्हा. ड्रॅगनचे अस्तित्व प्रेक्षकाने करार म्हणून स्वीकारलेले असते. अंतराचा नियमही त्याच कराराचा भाग होता, आणि तो मोडला गेला.

मराठी वाचकाला ही मागणी नवी नाही. 'मुक्तामाला' (1861) आणि 'मंजुघोषा' यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या पाठोपाठ 1872 मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक' यांविषयीच्या निबंधात असंभाव्यतेवर टीका केली होती. लढाईपुरते बोलावयाचे तर मराठी माणूस पानिपतावर अडीचशेहून अधिक वर्षे वाद घालीत आला आहे. गोलाची लढाई की गनिमी कावा, विंचूरकर आणि गायकवाड यांनी गोल सोडून धाव घेतली ती आततायीपणाने की नाइलाजाने, भाऊसाहेबांनी अंबारी सोडून घोड्यावर मांड टाकली नसती तर काय झाले असते, हे प्रश्न शेजवलकरांच्या ग्रंथातून आणि विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (1988) या कादंबरीतून घरोघर पोहोचले. या वादांत जर-तरचा भाग पुष्कळ असतो आणि त्याचा कंटाळाही येतो. पण त्यातून चुकीचे मूळ माणसात शोधण्याची सवय लागते. तीच सवय घेऊन हा प्रेक्षक 2019 मध्ये विंटरफेलसमोर बसला होता.

या सवयीचे सर्वांत जुने शिक्षण अर्थातच महाभारताचे. बी. आर. चोप्रा यांची मालिका 1988 ते 1990 या काळात दूरदर्शनवर आली तेव्हा आकाशात बाणावर बाण आदळून प्रकाश फुटत असे. अस्त्रांचा नियम परंपरेने घालून दिलेला असल्याने त्याचा हिशेब कोणी मागितला नाही. चक्रव्यूहाचा प्रसंग मात्र वेगळा आहे. डावपेच म्हणून पाहिले तर पांडवांची ती योजना सदोषच होती. संशप्तकांनी अर्जुनाला दूर ओढून नेलेले. व्यूह भेदू शकणारा उरलेला एकमेव वीर कोवळ्या वयाचा. आणि बाहेर पडता येत नाही असे तो स्वतः सांगत असताना, तू फोडलेल्या वाटेने आम्ही मागोमाग येतो, एवढ्या भरवशावर त्याला पुढे घालणे. जयद्रथ ती वाट बुजवितो आणि अभिमन्यू एकटा सापडतो. राखीव फळी नाही, दुसरा मार्ग नाही. विंटरफेलच्या सेनापतींना नावे ठेवणारा प्रेक्षक युधिष्ठिराला सोडील असे मानण्याचे कारण नाही.

तरीही या प्रसंगाने कथानकाचा तोल जात नाही. याचे कारण असे की, श्रोत्याच्या मनातला प्रश्न कथेतील पात्रच विचारते. संध्याकाळी परत आलेला अर्जुन भावांना जाब विचारतो: तुम्ही सारे असताना माझा मुलगा कसा मारला गेला? युधिष्ठिराला हकीकत सांगावी लागते. त्या जाबातून जयद्रथवधाची प्रतिज्ञा आणि प्रतिज्ञेतून चौदाव्या दिवसाचे, रात्रीपर्यंत लांबलेले युद्ध निर्माण होते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातील व्यक्तींना त्यांच्या कृतींचा जाब विचारला, तो विचारता येण्याजोगी सामग्री मुळातच होती. विंटरफेलनंतर मात्र दफनभूमीची कल्पना कोणाची होती, हे वाचलेल्यांपैकी कोणीही विचारीत नाही. प्रेते जाळली जातात, मेजवानी होते आणि कथा दक्षिणेकडे निघते. पडद्यावर न विचारलेला प्रश्न मग पडद्याबाहेर विचारला जातो, आणि त्याची जबाबदारी विचारणारावर टाकता येत नाही.

अर्थात प्रेक्षकांचे सर्वच आक्षेप सारख्या मोलाचे नाहीत. अमुक यंत्राचा पल्ला किती, अमुक चिलखतात धावता येते का, या चर्चा हौसेच्या आहेत आणि हौस म्हणूनच त्या सोडून द्याव्यात. प्रत्येक पराभवाला सेनापतीचा मूर्खपणा कारणीभूत मानणारेही काही असतात. त्यांना शोकांतिकेचा अनुभव घेणे कठीण जाते, कारण शोकांतिकेतील नायक चुकणारच. वर्गात हा विषय घ्यावयाचा झाल्यास निवड करण्याचे काम अध्यापकाचे. 'हा सेनापती चुकला का?' यापेक्षा 'ही चूक कथेत कोणाची आहे?' असे विचारले तर विद्यार्थी आपोआप पात्र, हेतू आणि परिणाम यांकडे वळतात. कथानकविचाराचा पाठ एरवी पाठ्यपुस्तकी व्याख्येतून शिकविला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो.

अभिमन्यूविषयी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. द्रोणपर्वातील त्या प्रसंगी तो इतकेच सांगतो की, पित्याने व्यूहात शिरण्याची रीत शिकविली आहे, संकटात बाहेर पडण्याची नाही. विद्या अर्धीच का शिकविली, हा प्रश्न तिथे उघडाच राहतो. पुढे लोकपरंपरेत गर्भातल्या अभिमन्यूची गोष्ट रूढ झाली: अर्जुन सांगत होता, सुभद्रेला झोप लागली आणि उरलेले सांगणे राहून गेले. आज घराघरांत अभिमन्यू म्हटले की हीच गोष्ट आधी आठवते. कथानकातील उणीव कोण्या श्रोत्याला खटकली, त्याने ती बोलून दाखविली आणि सांगणाराने ती भरून काढली, असाच या गोष्टीचा उगम असावा.